लेसरला तेरा वर्षं झाली, डाव्या डोळ्याचा नंबर परत आला. बुबुळ सरकलं म्हणायचं का?

मोजणीवाला, औसा

नमस्कार मंडळी. जमीन मोजणीचं काम करतो, ईटीएस मशीनवर, म्हणजे दुर्बिणीतून बघून अंतर अन् कोन मोजायचं यंत्र. वय ३८. २०१२ ला हैदराबादला दोन्ही डोळ्यांचं लॅसिक, म्हणजे लेसरनं नंबर काढायचं ऑपरेशन, केलं होतं. तव्हा उजव्याचा नंबर वजा साडेपाच अन् डाव्याचा वजा सहा, वरून पाऊण सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेचा तिरपा नंबर. चष्मा काढला की समोर म्हैस उभी हाय का मोटारसायकल, ते हात लावल्याबिगर कळायचं नाही. केलं कशासाठी, तर पोलीस भरतीसाठी. डोळे पास झाले, पाय नापास झाले. पळण्यात गेलो. पण नजर मिळाली ती मिळालीच, दहा-बारा वर्षं चष्म्याचं नाव घेतलं नाही.

आता काय झालंय ते सांगतो. मशीनच्या दुर्बिणीत मी डाव्या डोळ्यानं बघतो, पहिल्यापासून सवय. आत अधिकची खूण असते. ती साफ दिसावी म्हणून डोळ्याकडच्या भिंगाला एक रिंग असते, ज्यानं-त्यानं आपल्या नजरेप्रमाणं फिरवून घ्यायची. मागल्या दिवाळीच्या आगंमागं मदतनीस पोराला म्हणलं, जरा तू बघ, मी समोर जाऊन प्रिझम (नेम धरायची काच) धरतो. पोरगं म्हणालं, "अण्णा, खूण धुरकट दिसायलीय." त्यानं रिंग फिरवली, त्याला साफ झालं. मग मी बघितलं तर मला धुरकट. म्हणजे वर्ष-दीड वर्षात मी थोडी थोडी करत रिंग वजाकडं सरकवत आलो होतो अन् मलाच पत्ता नव्हता. उजव्या डोळ्यानं बघितलं तर पोराच्या सेटिंगला बी चांगलं दिसलं. घोळ डाव्यातच.

औशात चष्म्याच्या एका दुकानात गेलो. संध्याकाळची वेळ, दिवसभर उन्हात काम केलेलं. हनुवटी टेकवली, चिठ्ठी निघाली. डावा वजा सव्वा, सिलिंडर पाऊण. उजवा वजा पाव. दुकानदार म्हणाला, "लेसरवाल्यांचं बुबुळ पुढं सैल पडत जातं. पुन्हा एकदा लेसर मारून घ्या, नसता वाढतच जाईल."

तव्हापासून झोप नाही. रात्री लातूरहून येताना समोरच्या गाडीचे दिवे डाव्या डोळ्याला पसरल्यावानी दिसतात. ते थोडं आधीपासून होतंच, आता वाढलंय का मनाचा खेळ हाय, सांगता येईना. माझे प्रश्न दोनच. लेसर केलेलं बुबुळ किती वर्षं जागेवर राहतं? अन् सरकायलंय का नाही, हे कसं ओळखायचं? बांध सरकला का नाही ते मी सांगू शकतो. डोळ्याचं कुणाला विचारावं?


आत्याचा भाचा, परभणी

जगात जर्मनी, भारतात परभणी, अन् नंबर म्हणलं की आमच्या आत्याचा वजा चौदा. सव्वा नंबर म्हणजे काय नंबर हाय का अण्णा? चष्मा लावा अन् निवांत झोपा.


चष्मेवाली ताई, संभाजीनगर

भाऊ, चौदा वर्षं रुग्णांचे नंबर काढतेय, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टर नाही, हे आधी सांगून ठेवते.

दुकानदारानं दोन वेगळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या. नंबर परत येणं वेगळं आणि बुबुळ सैल पडणं वेगळं. वर उपायही असा सांगितला, की खरंच सैल पडलं असेल तर तोच सगळ्यात घातक. फुगायला लागलेल्या कॉर्नियावर पुन्हा लेसर मारत नाहीत. पातळ झालेली भिंत आणखी खरवडल्यासारखं होतं ते.

आपण ज्याला बुबुळ म्हणतो त्याची पुढची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया. मधोमध साधारण अर्धा मिलिमीटर जाड, ५४० मायक्रॉनच्या आसपास. लॅसिकमध्ये वरचं एक पातळ झाकण उचलतात, खालचा गाभा १९३ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेसरनं घासून मधला भाग सपाट करतात आणि झाकण परत बसवतात. घासलेला गाभा पुन्हा उगवत नाही. झाकण कडेला चांगलं धरतं, पण मधे पहिल्यासारखं एकजीव कधीच होत नाही. गंमत अशी, की कॉर्नियाचा सगळ्यात घट्ट विणलेला भाग पुढचाच, आणि तोच आपण कापतो. पुढची सगळी वर्षं डोळ्याच्या आतल्या दाबाला मागे राहिलेला गाभाच तोंड देतो. तो पुरेसा असेल तर कॉर्निया जन्मभर जागेवर राहतो आणि बहुतेकांचा राहतोच. तो कमी पडला, किंवा कॉर्निया मुळातच कच्चा होता, तर तो हळूहळू पुढे फुगतो. त्याला एक्टेशिया म्हणतात. जर्मनीतल्या थिओ सायलर यांनी लॅसिकनंतरचा एक्टेशिया पहिल्यांदा १९९८ मध्ये नोंदवला. निरनिराळ्या अभ्यासांत त्याचं प्रमाण १०,००० डोळ्यांमागे चारपासून साठपर्यंत आलंय. बहुतेक वेळा तो पहिल्या काही वर्षांत दिसतो, पण दहा वर्षांनंतर सापडलेले रुग्णही आहेत. म्हणून तेरा वर्षं झाली, आता काही होत नाही, असं मी म्हणणार नाही.

पण तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला आवडली. रिंग फिरवल्यावर ती अधिकची खूण तुम्हाला पूर्ण साफ दिसते ना? काठ एकेरी दिसतात ना? फुगलेला कॉर्निया वेडावाकडा असतो. रिंग कितीही फिरवा, रेघेला सावली राहते, एका रेघेच्या दोन होतात. नुसती रिंग फिरवून साफ होत असेल तर तो सरळ नंबर असण्याची शक्यता जास्त. ही तपासणी नव्हे, दिलासा समजा.

सरळ नंबर परत यायला बरीच कारणं असतात. कॉर्नियावर वरून एक पातळ साल असते, ५० मायक्रॉनच्या आसपास. खाली सपाट झालं की ती साल मधल्या जागी जाड व्हायला बघते, शेतात खड्डा पडला की पावसानं माती तिथंच येऊन बसते तशी. तेवढा नंबर परत येतो. मोठा नंबर काढलेल्यांत हे जास्त. दुसरं, डोळ्याची लांबी. लेसर फक्त पुढची काच बदलतं, डोळा मागे वाढायचा थांबवत नाही. तिसरं, आतलं भिंग. मोतीबिंदू कोवळा असताना नंबर वजाकडे जातो. रक्तातली साखर वरखाली झाली तरी जातो. आणि संध्याकाळी थकलेल्या, कोरड्या डोळ्यावर मशीननं काढलेला नंबर मी तरी चष्म्यासाठी वापरत नाही.

आता मला सांगा. डोळे चोळता का? घरात कुणाला साखर आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, २०१२ चे कागद आहेत का? विशेषतः ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी कॉर्नियाचा नकाशा काढला होता का? रंगीत छापील कागद असतो, लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचा.


पिवळे थेंब, जालना

दादा, घाबरवायचं नाही, पण मी त्या थोड्यांतली एक आहे म्हणून लिहिते.

माझा नंबर तुमच्यापेक्षा कमी होता, वजा साडेचार. २०१६ मध्ये केलं, लग्न ठरायच्या आधी, एकविसाव्या वर्षी. दवाखान्याचं नाव घेत नाही. दीड वर्ष छान गेलं. मग उजव्या डोळ्याला कोजागरीच्या रात्री गच्चीवर चंद्र दिसला आणि त्याच्या खाली आणखी एक फिकट चंद्र लोंबकळत होता. मला वाटलं ढग आहे. बाकीचे दूध पीत होते, मी एक डोळा झाकून, दुसरा झाकून बघत बसले.

त्या वर्षात तीनदा चष्मा बदलला. प्रत्येक वेळी सिलिंडर वाढलेला आणि त्याचा कोन भलतीकडेच. नवीन चष्म्यानं दोन आठवडे बरं वाटायचं, पुन्हा तेच. तुम्हाला रिंग फिरवून साफ दिसतं म्हणता, मला कुठल्याच काचेनं साफ दिसत नव्हतं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले. ऑपरेशनच्या आधीच्याच नकाशात खालच्या बाजूला एक लहानसा उंचवटा होता. म्हणजे कॉर्निया आधीच शंकास्पद होता, लेसर करायलाच नको होतं. मला लहानपणापासून डोळ्यांना खाज, सरकीच्या धुळीनं आणखी वाढायची, वडिलांचा कापसाचा व्यवहार. दिवसातून पन्नास वेळा मुठीनं डोळे चोळायचे. ऑपरेशनच्या आधी हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मग क्रॉसलिंकिंग केलं. वरची साल काढतात, अर्धा तास थोड्या थोड्या वेळानं पिवळेधमक थेंब टाकतात. ते ब-२ जीवनसत्त्व असतं. मग अर्धा तास निळ्या-जांभळ्या उजेडाकडे बघत पडायचं. त्यानं आतले तंतू एकमेकांना घट्ट बांधले जातात म्हणे. करताना काही वाटत नाही. घरी आल्यावर मात्र तीन दिवस डोळ्यात तिखट भरल्यासारखं. आई रडली, मी तर डोळ्यातून नुसतं पाणीच गाळत होते, त्यामुळे कोण रडतंय कळत नव्हतं. एक सांगते, ह्यानं फुगलेलं मागे जात नाही, आहे तिथं थांबतं. माझं सात वर्षं थांबलंय.

आता स्क्लेरल लेन्स लावते. मोठी, कडक, वाटीसारखी. आत सलाईन भरायचं, मान खाली घालून डोळ्याला लावायची, बुडबुडा राहिला की काढून पुन्हा भरायची. ती लावली की एकच चंद्र दिसतो. चुलत बहिणीच्या हळदीत एकदा काढताना हातातून सुटली आणि नेमकी हळदीच्या परातीत पडली.

दादा, डोळे चोळत असाल तर आजपासून हात लावू नका.


अंबाजोगाईचे गुरुजी

आपण सारे लेसरवाले तरुण. मी त्याच्याही आधीच्या युगातला, म्हणून माझी साक्ष घ्या.

१९९० साली औरंगाबादला नव्हे, आणखी लांब जाऊन मी रेडियल केरॅटोटॉमी करून घेतली. लेसर नाही, हिऱ्याच्या पात्यानं बुबुळावर आठ चिरा, चाकाच्या आऱ्यांसारख्या. मॉस्कोच्या फ्योदोरॉव्ह यांनी सत्तरच्या दशकात ही पद्धत गाजवली होती. माझा नंबर वजा चार. शाळेत विज्ञान शिकवायचो, नवीन गोष्टींचा सोस. दुसऱ्या दिवशी फळ्यावरचं अक्षर बिनचष्म्याचं दिसलं तेव्हा वर्गातल्या पोरांना अर्धा तास डोळाच शिकवला, अभ्यासक्रमात नसताना.

पण चिरा नव्वद टक्के खोल, आणि बुबुळ बिचारं त्या चिरांनी कायमचं ढिलं. सकाळी एक नंबर, संध्याकाळी दुसरा. आणि वर्षागणिक सगळं अधिकच्या बाजूला सरकत गेलं. अमेरिकेत या शस्त्रक्रियेचा दहा वर्षं पाठपुरावा करून १९९४ मध्ये निकाल छापला गेला, त्यात ४३ टक्के डोळे एक डायॉप्टर (म्हणजे चष्म्याचा एक नंबर) किंवा त्याहून जास्त अधिककडे सरकलेले निघाले. मी त्या ४३ टक्क्यांतलाच. वजा चारचा माणूस आज अधिक तीनचा चष्मा लावून हे टंकत आहे. शस्त्रक्रिया करून चष्मा घालवला आणि जाड भिंगाचा दुसरा मिळवला.

तात्पर्य सांगायचा मोह होतोय, पण वर्ग सुटलाय. माझी खरी अडचण पुढची आहे. आता मोतीबिंदू पिकलाय. आत बसवायच्या भिंगाचा नंबर बुबुळाच्या गोलाईवरून काढतात, आणि मूळ गोलाई चिरांनी बिघडवलेली. डॉक्टर म्हणाले, जुने कागद असते तर हिशोब सोपा झाला असता. माझे कागद घर बदलताना रद्दीत गेले. ताईंनी कागद मागितले ते उगाच नाही. लेसर झालेल्यांनाही म्हातारपणी हाच प्रश्न येणार आहे.

एक पुरवणी, शिक्षकाला राहवत नाही म्हणून. तो १९३ नॅनोमीटरचा किरण मऊ ऊती न भाजता इतक्या स्वच्छ कापतो, हे १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत आपल्या मद्रास विद्यापीठात शिकलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी पाहिलं. कशावर, तर सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की कोंबड्यावर. उरलेलं अन्न फेकू नये, असं आमची आजी म्हणायची.


मोजणीवाला, औसा

सगळ्यांचे आभार. जालन्याच्या ताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला, पण बरं झालं लिहिलं.

रिंग फिरवल्यावर खूण एकदम साफ, एकेरी. आज शिवारात मुद्दाम दहादा बघितली.

डोळे चोळतो. बायकोला विचारलं तर म्हणाली, "झोपायच्या आधी पीठ मळल्यावानी चोळता." मला वाटायचं कधीमधी. सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत शेतात जावंच लागतं, मळणीयंत्राचा भुसा अन् काळ्या रानाचा धुरळा. संध्याकाळी डोळ्यात खडा असल्यावानी होतं. वडिलांना साखर हाय.

अन् कागद हायत! आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. १९९३ च्या भूकंपात घर गेलं, कागद गेले, नंतर नाव-हक्क सिद्ध करताना वडिलांच्या चपला झिजल्या. तव्हापासून आई सगळे कागद एका पत्र्याच्या पेटीत, अन् ती पेटी दारापाशी ठेवती. मी पाच वर्षांचा होतो तव्हापासून बघतोय. सातबारा, शाळेचे दाखले, लसीची कार्डं, अन् खाली मही हैदराबादची फाइल. मी तर विसरून गेलो होतो.

त्यात नंबरच्या चिठ्ठ्या कोऱ्या झाल्यात, अक्षर उडून गेलं. पण दोन रंगीत नकाशे हायत. एक ऑपरेशनच्या आधीचा, एक जानेवारी २०१३ चा. ऑपरेशनच्या कागदावर डाव्या डोळ्याला लिहिलंय: जाडी ५२४, झाकण १३०, घासलेलं ९२. ह्याचा अर्थ काय लावायचा?


चष्मेवाली ताई, संभाजीनगर

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. चौदा वर्षांत एवढे पूर्ण कागद आणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

चिठ्ठ्यांचा कागद एसटीच्या तिकिटासारखा असतो, उष्णतेवर छापलेला, तो उडतोच. उरलेल्याच्या झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो.

हिशोब असा. १३० आणि ९२ मिळून २२२ गेले. ५२४ मधून मागे गाभा उरला ३०२. किमान २५० राहावा असा जुना दंडक, हल्ली बरेच जण ३०० च्या आसपास धरतात. म्हणजे इथं तुम्ही बरे आहात. पण दुसरंही एक माप आहे, एकूण जाडीच्या किती टक्के भागाला हात लावला. २२२ भागिले ५२४ म्हणजे ४२ टक्के. चाळीसच्या वर गेलं की जोखीम वाढते, असा निष्कर्ष २०१४ मध्ये पुढे आला. तुमचं ऑपरेशन त्याच्या आधीचं, त्यामुळे तेव्हाच्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. जोखीम वाढली म्हणजे घडलं असंही नाही. फक्त तुमचा डावा डोळा दरवर्षी बघायच्या यादीतला आहे, आणि त्याच्यावर पुन्हा झाकण उचलून लेसर हा विषय बंद.

जानेवारी २०१३ चा नकाशा म्हणजे तुमचा हद्दीचा दगड. त्याच्या खाली मशीनचं नाव असेल. शक्यतो त्याच मशीनवर नवा नकाशा काढा. वेगळ्या मशीनची मापं एकमेकांवर चढवता येत नाहीत.


मोजणीवाला, औसा

हे बरोबर कळलं ताई. जुनी मोजणी साखळीची, आताची मशीनची. दोन्ही जुळवायला गेलं की बांधावर भांडण. नाव बघितलं, पेंटाकॅम लिहिलंय. लातूरला हाय असं कळलं. चोळणं बंद केलंय. रात्री बायको पहारा देती.


मोजणीवाला, औसा (चार आठवड्यांनी)

जाऊन आलो. उशीर झाला कारण मधे दोन मोठ्या मोजण्या होत्या, भावाभावांच्या, त्या टाळता येत नाहीत.

डॉक्टरबाई शांत होत्या. आधी थेंब टाकून नंबर काढला. डावा वजा एक निघाला, सव्वा नाही. सिलिंडर अर्धा. मग नकाशा. २०१३ चा कागद त्यांनी चष्मा वर करून बघितला अन् म्हणाल्या, हा आणला नसता तर सहा महिन्यांनी परत बोलावून दुसरा नकाशा काढल्याबिगर मला काहीच ठाम सांगता आलं नसतं.

दोन्ही शेजारी ठेवले. मधली गोलाई तव्हा ३९.२, आता ३९.५. जाडी तव्हा ४३४, आता ४३९. जाडी वाढली हे ऐकून मी दचकलो, त्या हसल्या. म्हणाल्या, फुगणारं बुबुळ पातळ होतं, तुमचं जाड झालंय, वरची साल वाढलीय. ती साल वेगळ्या मशीननं मोजली, मधोमध ५७. अन् बुबुळाची मागची बाजू, ती म्हणे सगळ्यात आधी फुगती, ती तेरा वर्षांत जागची हललेली नाही. मला त्यांनी स्क्रीनवर दाखवलं. रंग समजत होते, कारण आम्ही बी उंच-सखल असंच रंगवतो.

पण वजा एकातला पाव-दीड पावच त्या सालीचा. बाकीचा कुठून आला? आतलं भिंग स्वच्छ हाय. साखर उपाशीपोटी ११८, काठावर. बाई म्हणाल्या, एवढ्यानं नंबर हलत नाही, पण वडिलांची साखर ध्यानात ठेवून जेवा. उरला डोळा मागं लांबलेला असण्याचा संशय. लांबी आता २६.४ मिलिमीटर भरली. २०१२ ला ती कुणी मोजलेली नव्हती, म्हणून तिथं माप अडलं. आजचं माप आजपासून धरायचं.

अन् एक गोष्ट ज्यानं मला खरं हलवलं, ती बुबुळाची नव्हतीच. पडदा तपासला. डाव्या डोळ्याच्या पडद्याला कडेला एक पातळ पट्टा हाय. आता काही करायचं नाही, पण अचानक काळे ठिपके वाढले, विजेवानी चमकलं किंवा पडदा ओढल्यावानी झालं तर त्याच दिवशी यायचं. बाई म्हणाल्या, नंबर लेसरनं गेला, पण डोळा आतून वजा सहाचाच राहिलाय, त्याचा पडदा तसाच ताणलेला. तेरा वर्षांत मी एकदा बी पडदा दाखवला नव्हता. डोळे बरे झाले, आता कशाला दवाखाना, असं धरून चाललो होतो.

दुकानदाराच्या सल्ल्यानं लेसर मारायला गेलो असतो तर कुणी मारलं असतं का, माहीत नाही. पैसे तर तयार ठेवले होते.


चष्मेवाली ताई, संभाजीनगर

छान झालं. पडद्याची तपासणी मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवी होती, राहून गेली.

अजून एक. कॉर्निया पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाब मशीनवर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. पुढे कुठेही दाब मोजला तर आधी सांगा, की लेसर झालंय. नाहीतर काचबिंदू नजरेतून सुटतो. चष्मा दिला का?


मोजणीवाला, औसा

दिला, रात्रीच्या गाडीसाठी. पाऊण नंबरचा, पूर्ण एकचा नाही, बाई म्हणाल्या तेवढ्यानं भागंल. दिवसा लागत नाही.

मशीनच्या रिंगवर बायकोच्या नखपॉलिशनं दोन खुणा केल्यात. लाल मही, गुलाबी पोराची. उगं कुणाच्या नजरेवर कोण बघायलंय, हा घोळ नको.


पिवळे थेंब, जालना

लाल खुणेशेजारी तारीख लिहा दादा. रिंग त्या खुणेवर लागेनाशी झाली की तुम्हाला आधी कळेल.


अंबाजोगाईचे गुरुजी

माझ्या मोतीबिंदूची तारीख ठरली, येत्या महिन्यात. डॉक्टर दोन-तीन पद्धतींनी हिशोब करून मधला आकडा घेणार आहेत. थोडा नंबर राहू शकतो म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या, मला त्याची सवय आहे. मोजणीवाले, तुमच्या आईंच्या पेटीत माझ्या नव्या कागदांना जागा असेल तर सांगा.


मोजणीवाला, औसा

जालन्याच्या ताई, खुणेशेजारी तारीख टाकली. गुरुजी, आईला विचारलं. म्हणाली, झेरॉक्स पाठवा, पण पेटीची किल्ली मिळणार नाही.